‘भरपूर’ला इंग्रजीत काय म्हणाल? भरलेपण सांगणारी विशेषणं शिकण्याची एक वाट

मराठी माध्यमातून शिकून पुढे नोकरीसाठी किंवा परीक्षेसाठी इंग्रजीकडे वळलेल्या मोठ्या माणसांना मी शिकवते. त्यांच्या वहीत एक यादी हमखास सापडते. डावीकडे ‘ॲबंडंट’, ‘प्लेंटिफुल’, ‘ॲम्पल’, ‘कोपिअस’, ‘प्रफ्यूस’, ‘लॅव्हिश’, ‘रिप्लीट’ आणि उजवीकडे सगळ्यांसमोर एकच शब्द: भरपूर. यादी पाठ असते, स्पेलिंगही चोख असतं. वाक्य करायची वेळ आली की मात्र गाडी अडते.

नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने सरावाच्या रिपोर्टात लिहिलं होतं, ‘द पेशंट हॅड ॲबंडंट ब्लीडिंग’. व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. मी तिला एवढंच विचारलं, “पेशंटला मुबलक रक्तस्राव झाला, असं मराठीत लिहिशील का?” ती लगेच म्हणाली, “नाही मॅडम, मुबलक म्हणजे चांगलं असतं ना!” उत्तर तिच्याजवळच होतं, फक्त ते मराठीच्या कप्प्यात होतं. ‘ॲबंडंट’ हा सुगीचा, समृद्धीचा शब्द. रक्तस्रावाला ‘प्रफ्यूस’ लागतो, नाहीतर साधा ‘हेवी’.

तेव्हापासून हे शब्द शिकवताना मी सुरुवात मराठीपासून करते. खाली जी वाट सांगते आहे ती वर्गात अनेकदा चालून पाहिलेली आहे.

पहिली पायरी: आधी आपले शब्द काढा

कागद घ्या आणि ‘भरलेलं’ या अर्थाचे मराठी शब्द आठवतील तसे लिहा. धरण तुडुंब. लोकल खचाखच. डोळे डबडबलेले. झाड फळांनी लगडलेलं, फुलांनी डवरलेलं. ढग ओथंबलेले. पीक भरघोस. बाजार गजबजलेला. बक्षीस घसघशीत. हात सढळ. घरात पाहुण्यांची रेलचेल. आता यांची अदलाबदल करून बघा: खचाखच धरण, तुडुंब झाड, डवरलेली लोकल. कानालाच खटकतं. व्याकरणाचं पुस्तक न उघडता आपल्याला कळतं की प्रत्येक शब्दाची एक ठरलेली वस्तू आहे.

असाच आणखी एक शब्द, ‘शिगोशीग’, जरा जवळून पाहू. आमच्या आजीकडे धान्य मोजायचं पितळी मापटं होतं. ती त्यात तांदूळ ओतायची. कडेपर्यंत भरलं तरी हात थांबायचा नाही. मग वर टोपीसारखा निमुळता ढीग चढायचा आणि दाणे कडेवरून घरंगळायला लागले की ती म्हणायची, “झालं.” तो वरचा ढीग म्हणजे शीग. म्हणून शिगोशीग हा धान्याचा शब्द. पाण्याला शीग कधी येत नाही, पाणी काठाशीच थांबतं. म्हणून पाण्याचं भांडं काठोकाठ.

इंग्रजीने हाच फरक केला आहे. पाककृतीत ‘अ हीप्ड टीस्पून’ असेल तर चमच्यावर शीग हवी, ‘अ लेव्हल टीस्पून’ असेल तर सुरीने कडेशी सपाट केलेला चमचा. आणि पाण्यासाठी ‘ब्रिमिंग’, कारण ‘ब्रिम’ म्हणजे पेल्याचा काठ. ‘हर आइज वेअर ब्रिमिंग विथ टिअर्स’ याला मराठीत डबडबलेले डोळे म्हणतो. ‘ब्रिमिंग विथ कॉन्फिडन्स’ही चालतं, आत्मविश्वासाला इंग्रजी पाण्यासारखंच वागवतं. ‘ब्रिमिंग विथ राइस’ मात्र कानाला लागतं.

म्हणजे नवा शब्द भेटला की ‘याचा अर्थ काय’ या प्रश्नाआधी ‘हा कशाला लागतो’ हा प्रश्न विचारायचा.

दुसरी पायरी: हे भरणं कुणाला हवं होतं का?

माझ्या मते सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्या पावसाला ‘ॲबंडंट’ म्हणता येईल का? आकड्याने बघाल तर पाऊस मुबलकच होता. पण हा शब्द तिथे वापरला तर ज्यांनी ती रात्र बसच्या टपावर किंवा स्टेशनात काढली त्यांना तो क्रूर वाटेल. त्या पावसाला ‘टोरेन्शिअल’, कारण ‘टोरंट’ म्हणजे लोंढा. पेरणीनंतर वेळेवर आणि पुरून उरेल इतका पडणारा पाऊस, तो ‘ॲबंडंट’.

गंमत म्हणजे ‘ॲबंडंट’च्या पोटातही पाणीच आहे. लॅटिनमध्ये ‘उंडा’ म्हणजे लाट, आणि ‘ॲबंडंट’ म्हणजे लाटेसारखं काठावरून ओसंडणारं. पुराने बुडवणं या अर्थाचा ‘इनंडेट’ आणि जास्तीचं, नको असलेलं या अर्थाचा ‘रिडंडंट’ याच लाटेतून आले. एकाच लाटेचे तीन शब्द: एक वरदान, एक संकट, एक अडगळ. आपल्याकडेही नदीचा ‘पूर’ आणि ‘भरपूर’मधला ‘पूर’ सख्खेच आहेत, पण ‘गावात पूर आला’ आणि ‘गावात भरपूर आलं’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

चांगल्या बाजूला ‘ॲबंडंट’, ‘प्लेंटिफुल’, ‘बाउंटिफुल’, ‘रिच’, ‘लश’ येतात. ‘बाउंटिफुल’ थोडा जुन्या वळणाचा आहे, निसर्ग किंवा देव हातचं न राखता देतो तेव्हाचा, त्यामुळे ऑफिसच्या ईमेलमध्ये तो अवघडून बसल्यासारखा दिसतो. ‘लश’ हा हिरवाईचा: पावसाळ्यातल्या कोकणाला शोभतो, गर्दीला नाही. पिकासाठी ‘बंपर’ आपल्या वर्तमानपत्रांनी केव्हाच मराठी करून घेतला आहे. गाडीच्या बंपरशी त्याचा संबंध जोडू नका. कुणाच्या शुभेच्छेसाठी काठोकाठ भरलेल्या पेल्याला इंग्रजीत ‘बंपर’ म्हणत, त्यावरून तो पिकाकडे आला.

वाईट बाजूला ‘राइफ’, ‘रॅम्पंट’, ‘फ्रॉट’, ‘इन्फेस्टेड’. यांना आपल्याकडे नेमके जोडीदार आहेत. भ्रष्टाचार बोकाळलेला असतो: ‘करप्शन इज राइफ’. महागाई मोकाट सुटते: ‘रॅम्पंट इन्फ्लेशन’. कोठार उंदरांनी बुजबुजलेलं असतं: ‘इन्फेस्टेड विथ रॅट्स’. ‘द कॉलेज इज राइफ विथ टॅलेंट’ असं कुणी कौतुकाने लिहिलं तर ते ‘कॉलेजात हुशारी बोकाळली आहे’ असं ऐकू येतं.

‘फ्रॉट’ माझा आवडता शब्द. मालवाहतुकीसाठी आपण ‘फ्रेट’ म्हणतो ना, त्याचाच हा भाऊ. मध्ययुगीन इंग्रजीत ‘फ्रॉट’ म्हणजे मालाने लादलेलं जहाज. आज जहाज विसरलं गेलं आणि ओझं तेवढं उरलं: ‘अ जर्नी फ्रॉट विथ डेंजर’ म्हणजे पावलोपावली धोका असलेला प्रवास. नुसतं ‘अ फ्रॉट सायलेन्स’ म्हटलं तर शब्दांवाचून ताणलेली शांतता.

मधल्या बाजूला तटस्थ शब्द आहेत. ‘कोपिअस’ला बरं-वाईट काही नाही, फक्त ढीग आहे: ‘कोपिअस नोट्स’, ‘कोपिअस अमाउंट्स ऑफ वॉटर’. मोजता येणाऱ्या माणसांना मात्र तो लावत नाहीत. ‘कोपिअस स्टुडंट्स’ नाही, तिथे ‘न्यूमरस’ किंवा सरळ ‘मेनी’. ‘प्रफ्यूस’मध्ये ओतण्याची क्रिया आहे, म्हणून जे अंगातून किंवा तोंडातून वाहतं त्याला तो लागतो: रक्त, घाम, आभार, माफी. ‘प्रफ्यूस अपॉलजीज’ म्हणजे माफीवर माफी. उच्चारात शेवटी ‘स’ आहे, ‘झ’ नाही. ‘टीमिंग’ जिवंत, वळवळणाऱ्या, हलणाऱ्या गोष्टींना: मासळीने भरलेली खाडी, माणसांनी गजबजलेला रस्ता. फायलींनी भरलेलं कपाट ‘टीमिंग’ होत नाही, फायली हलत नाहीत.

‘लॅव्हिश’कडे बघताना सावध राहा. लग्न ‘लॅव्हिश’ होतं म्हणजे थाटामाटात झालं, पण त्यात ‘एवढं कशाला’ ही कुजबुजही असू शकते. याचं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या मुसळधार पावसाच्या शब्दात आहे. पैसा पावसासारखा पडला, आता तो कौतुकाने सांगायचा की नापसंतीने, हे बाकीच्या वाक्यावर ठरतं.

तिसरी पायरी: भांडं की माल?

ही गोष्ट कोशात चटकन दिसत नाही. मराठीत ‘नदी माशांनी भरली आहे’ आणि ‘नदीत मासे भरपूर आहेत’ ही दोन्ही वाक्यं आपण सहज करतो. पहिल्यात विशेषण भांड्याला, म्हणजे नदीला लागलं, दुसऱ्यात मालाला, म्हणजे माशांना. इंग्रजीतली बरीचशी विशेषणं यांपैकी एकच बाजू घेतात.

‘फुल’, ‘पॅक्ड’, ‘ब्रिमिंग’, ‘टीमिंग’, ‘लेडन’, ‘रिप्लीट’ हे भांड्याचे शब्द. ‘प्लेंटिफुल’, ‘ॲम्पल’, ‘कोपिअस’, ‘प्रफ्यूस’ हे मालाचे. म्हणून ‘फिश आर प्लेंटिफुल हिअर’ बरोबर आणि ‘द रिव्हर इज प्लेंटिफुल विथ फिश’ चूक. ‘ॲबंडंट’ आणि ‘राइफ’ दोन्हीकडे जातात: ‘फिश आर ॲबंडंट इन द रिव्हर’ही चालतं आणि ‘द रिव्हर इज ॲबंडंट इन फिश’ही.

वहीत प्रत्येक शब्दापुढे ‘भां’ किंवा ‘मा’ एवढंच अक्षर लिहा. माझ्या विद्यार्थ्यांच्या निम्म्या चुका या एका अक्षराने कमी झाल्या.

चौथी पायरी: ‘‑ने’ला आवरा

आपली तृतीया विभक्ती मोठी सोयीची. पाण्याने, माणसांनी, फळांनी, धोक्यांनी: सगळं ‑ने, ‑नी. त्यामुळे इंग्रजीत आपला हात आपोआप ‘विथ’कडे जातो. बहुतेक ठिकाणी तो बरोबरही पडतो: ‘पॅक्ड विथ’, ‘क्राउडेड विथ’, ‘लेडन विथ’, ‘टीमिंग विथ’, ‘रिप्लीट विथ’, ‘फ्रॉट विथ’.

फसगत होते ती नेमकी सगळ्यांत साध्या शब्दात. ‘फुल’ला ‘ऑफ’ लागतो. ‘द बकेट इज फुल विथ वॉटर’ ही आपल्या मुलुखातली अगदी घराघरातली चूक आहे. ‘फुल ऑफ वॉटर’ म्हणा, नाहीतर ‘फिल्ड विथ वॉटर’. एक मुरलेली अवस्था, दुसरं भरण्याचं काम. दोघांची प्रिपोझिशनं बदलू नका. ‘प्लेंटी’लाही ‘ऑफ’ हवा: ‘प्लेंटी टाइम’ नाही, ‘प्लेंटी ऑफ टाइम’.

तिसरा पाहुणा ‘इन’. एखाद्या गोष्टीच्या अंगातच जे मुरलेलं असतं तिथे तो येतो. पालक लोहाने समृद्ध असतो तो ‘रिच इन आयर्न’. मराठीत आपण ‘लोहयुक्त’ म्हणतो, म्हणजे बाहेरून भरलेलं नाही, आतच आहे. हा ‘आतच आहे’ लक्षात ठेवला की ‘इन’ विसरत नाही.

पाचवी पायरी: शब्द बसतो कुठे

काही विशेषणं नामाच्या आधी बसायला राजी नसतात. ‘अ रिप्लीट लायब्ररी’ म्हणत नाहीत, ‘द लायब्ररी इज रिप्लीट विथ रेअर बुक्स’ म्हणतात. ‘राइफ’चंही तेच, ‘राइफ करप्शन’पेक्षा ‘करप्शन इज राइफ’ कानाला बरं. उलट ‘ॲम्पल’ नामाच्या आधीच शोभतो: ‘ॲम्पल टाइम’, ‘ॲम्पल पार्किंग’. याचा लॅटिन अर्थ मोठं, ऐसपैस. ‘ॲम्प्लिफायर’ याच घरातला. पुरेसं आहे आणि वर हातपाय पसरायलाही जागा आहे, तिथे ‘ॲम्पल’. नुसतं पुरेसं असेल तर ‘सफिशंट’. ‘ॲडिक्वेट’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला ‘चालून जाईल’ असं वाटू शकतं. कुणाच्या कामाचं कौतुक करताना तो टाळा.

आणि एक शब्द सगळ्यांच्या मागून येतो: ‘गलोर’. ‘मँगोज गलोर’, आंबेच आंबे! आयरिश भाषेतून आलेला हा शब्द तिथे ‘पुरेसं’ या अर्थाचा आहे. इंग्रजीत येताना त्याने नामामागे उभं राहण्याची आपली सवय सोडली नाही.

सहावी पायरी: शेपटीतला ‘फुल’

स्वतंत्र ‘फुल’मध्ये दोन एल, पण शेपटी झाला की एकच: ‘ब्यूटिफुल’, ‘प्लेंटिफुल’, ‘केअरफुल’. स्पेलिंगची ही चूक पदवीधरांच्या अर्जातही दिसते. शेपटीचा ‘फुल’ दोन कामं करतो. एक विशेषणाचं, ज्यात अमुकाने भरलेला असा अर्थ. दुसरं मापाचं: ‘हँडफुल’ म्हणजे मूठभर, ‘स्पूनफुल’ म्हणजे चमचाभर. आपला ‘‑भर’ आणि त्यांचा ‘‑फुल’ अगदी एकाच कामाला लागलेले. अनेकवचन करताना ‘स्पूनफुल्स’, एस शेवटी.

भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा ‘फुल’, लॅटिनमधला ‘प्लेनस’ आणि संस्कृतातला ‘पूर्ण’ एकाच मुळाचे आहेत. आपल्याकडचा ‘प’ त्या शाखेत ‘फ’ झाला: पितृ आणि ‘फादर’, पाद आणि ‘फूट’, तसा पूर्ण आणि ‘फुल’. ‘प्लेंटी’, ‘कम्प्लीट’, ‘रिप्लीट’ हे लॅटिनच्या वाटेने आलेले त्याच कुळातले. ‘फुल’ परका वाटत असेल तर एवढं नातं आठवा.

एक सापळा मात्र ओळखून ठेवा: ‘फुलसम’. दिसतो भरघोस, आणि निरोप समारंभाच्या भाषणात ‘फुलसम प्रेझ’ म्हणण्याचा मोह होतो. अनेक वाचकांच्या लेखी त्याचा अर्थ तोंडदेखली, अति झालेली स्तुती असा आहे. मनापासूनच्या स्तुतीला ‘जेनरस प्रेझ’, ‘वॉर्म प्रेझ’, किंवा ‘शी वॉज लॅव्हिश इन हर प्रेझ’.

बोलताना यांतलं काय वापरायचं?

बोलताना ‘लॉट्स ऑफ’, ‘लोड्स ऑफ’, ‘प्लेंटी ऑफ’ पुरे. शेजारणीला ‘वुई हॅव कोपिअस मिल्क’ म्हणू नये, दूध उतू गेल्यासारखं वाटेल. ‘कोपिअस’, ‘ॲम्पल’, ‘ॲबंडंट’ लेखी कामासाठी ठेवा. गर्दीसाठी ‘पॅक्ड’ किंवा ‘जॅम-पॅक्ड’ दोन्हीकडे चालतात. पावसाला, वाहतुकीला, नुकसानीला ‘हेवी’ जोडतो, म्हणून ‘हेवी क्राउड’ही तोंडात येतं. इंग्रजीत गर्दी ‘ह्यूज’ किंवा ‘लार्ज’ असते. धुकं ‘डेन्स’ किंवा ‘थिक’. आपल्या नाट्यगृहावर ‘हाउसफुल’ची पाटी लागते, तेच इंग्रजी वाक्यात सांगताना ‘द शो प्लेड टु अ फुल हाउस’. आणि जेवण झाल्यावर ‘आय ॲम फुल’ म्हणजे पोट भरलं, पण ‘ही इज फुल ऑफ हिमसेल्फ’ म्हणजे स्वारी स्वतःवरच खूश.

सराव कसा करायचा

इंग्रजी-मराठी कोश अर्थापुरता ठीक आहे, पण जोड्यांसाठी परक्या शिकणाऱ्यांकरता बनवलेला इंग्रजी-इंग्रजी कोशच हवा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानात इंग्रजी शिकवता शिकवता तसा कोश रचला. १९४२ मध्ये तो टोकियोत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने छापला. आजही त्याच्या आवृत्त्या निघतात. त्यात शब्द कुठे बसतो, त्याला कोणतं प्रिपोझिशन लागतं, हे उदाहरणांसकट दिलेलं असतं. रोज एकच शब्द उघडा आणि वहीत पाच गोष्टी लिहा: तो कशाला लागतो, बरा की वाईट, ‘भां’ की ‘मा’, प्रिपोझिशन आणि मराठी जोडीदार. ‘अर्थ: भरपूर’ असं लिहायला मी वर्गात मनाई केली आहे.

मग डोळ्यांसमोरचं एक दृश्य घ्या. मी दसऱ्याच्या आदल्या पहाटेचा दादरचा फूलबाजार देते. पुलाखाली पाय ठेवायला जागा नाही, झेंडूचे ढीग लागलेले, टोपल्या भरलेल्या, माणसं ये-जा करतायत, डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल वाट काढतायत. आधी मराठीत चार ओळी लिहा, मग एकेक विशेषण इंग्रजीत बसवा. विद्यार्थ्यांचा पहिला प्रयत्न बहुधा असा असतो: ‘द मार्केट वॉज फुल विथ ॲबंडंट पीपल अँड कोपिअस फ्लावर्स’.

आता पायऱ्या लावू. माणसं हलती आणि जिवंत, म्हणून बाजार ‘टीमिंग विथ पीपल’. गल्ली अरुंद आणि ठासून भरलेली, म्हणून ‘पॅक्ड’. टोपल्यांवर झेंडूची शीग चढलेली, म्हणून ‘बास्केट्स हीप्ड विथ मॅरिगोल्ड्स’. ओझ्याखाली वाकलेले हमाल ‘लेडन विथ बास्केट्स’. त्या वर्षी फूल चांगलं आलं असेल आणि भाव उतरले असतील तर ‘मॅरिगोल्ड्स वेअर प्लेंटिफुल’, इथे मालाचा शब्द. आणि त्याच आठवड्यात परतीच्या पावसाने शेतातला झेंडू कुजला असेल, तर तो पाऊस कितीही पडलेला असो, त्याला ‘ॲबंडंट’ लिहायचं नाही.